आधी वेग, मग ब्रेक
बीड जिल्ह्यातल्या रस्त्यावरून स्पोर्ट्स मोटरसायकलींची चाळीस वर्षं

नांदूरघाटला बाजाराच्या दिवशी गाड्या लावतात तिथे दोन पोरं उभी राहिली, की मोटरसायकलींची तुलना सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती सीसी? दुसरा : किती पळते? जवळ घरचं कुणी मोठं माणूस असेल तर तिसरा : अ‍ॅव्हरेज किती देते? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबते, हा चौथा प्रश्न मी तिथे क्वचितच ऐकला आहे.

आपल्याकडच्या वेगवान मोटरसायकलींचा इतिहासही बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांनीच सांगितला जातो. कोणती गाडी कधी आली, तिची ताकद किती, काटा कुठपर्यंत जायचा. तो इतिहास खोटा नाही, पण तो इंजिनाच्या बाजूने लिहिलेला आहे. सीटवर बसलेल्या माणसाच्या हातात मूठ असते तशी ब्रेकची दांडीही असते. या लेखात मी त्या दांडीच्या बाजूने हाच इतिहास पाहणार आहे. जुनी मालकपुस्तिका, जाहिराती, वाहन मासिकांचे अंक आणि केज, अंबाजोगाई, बीडच्या गॅरेजमधल्या मेस्त्रींशी झालेलं बोलणं, हे माझं साहित्य. खाली आलेल्या बहुतेक गाड्या मी थोड्याफार स्वतःही चालवल्या आहेत, त्यामुळे हाताला आणि मनगटाला जे कळलं तेही लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे : आपल्याकडे प्रत्येक पिढीत वेग आधी आला आणि तो आवरायची सोय बरीच मागून आली. मधल्या वर्षांची किंमत चालवणाऱ्यांनी मोजली.

एकाच सुमाराच्या दोन गाड्या

हे फक्त आपल्याच देशात झालं असं नाही. १९६९ च्या सुमारास जपानमधून दोन मोटरसायकली जगाच्या बाजारात आल्या. एक होती कावासाकीची एच-१, म्हणजे मॅक थ्री. पाचशे सीसीचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर, आणि पुढच्या चाकाला साधा ड्रम ब्रेक. दुसरी होंडाची सीबी-७५०. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, आणि पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटरसायकलवर असा ब्रेक कारखान्यातूनच बसवून देणारी ही पहिली महत्त्वाची गाडी.

एच-१ सरळ रस्त्यावर भन्नाट सुटायची, पण वळणावर आणि थांबताना धन्याची परीक्षा पाहायची. ‘विधवा करणारी गाडी’ असं नाव तिला इंग्रजी मुलखात पडलं. होंडा जड होती, पण ती ताकद आणि आवर एकत्र घेऊन आली. पुढच्या काळातल्या मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांनी होंडाची वाट धरली. आपल्याकडे मात्र वेगाचं पहिलं खरं रूप आलं ते एच-१ च्या वळणाचं.

राजदूत ३५०

१९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या आरडी-३५० वरून बेतलेली राजदूत ३५० बाजारात आणली. त्याआधी आपल्याकडे राजदूत म्हटलं की १७५ सीसीची, दूधवाल्याच्या किटल्या वाहणारी गाडी डोळ्यांपुढे यायची. फार तर १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातली बुटकी जीटीएस. एकीकडे बुलेट, दुसरीकडे म्हैसूरची येझ्दी. अशा बाजारात दोन सिलिंडरचं ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर असलेली गाडी येणं म्हणजे बैलांच्या शर्यतीत घोडा सोडण्यासारखं होतं.

मूळ जपानी गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर होती. इथे ती आधी ३०.५ वर आणि नंतरच्या ‘लो टॉर्क’ रूपात २७ वर आणली गेली. पेट्रोल पिणारी गाडी म्हणून तिची बदनामी होती, म्हणून हे बदल. त्यावर पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. तिच्यात झालेल्या दुसऱ्या बदलावर कमी बोललं जातं. बाहेरच्या देशांत विकलेल्या आरडी-३५० ला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतात बनलेल्या गाडीला ड्रम दिला गेला. दोन लीडिंग शूंचा, त्यातल्या त्यात बरा, पण ड्रमच.

यातला फरक चालवणाऱ्यालाच कळतो. ड्रम ब्रेकमध्ये दोन अर्धगोल शू, ज्यांना आपले मेस्त्री ‘लायनर’ म्हणतात, बंद डब्याच्या आतून घासले जातात. एकदा-दोनदा जोरात दाबला तर उत्तम लागतो. घाटात सारखा दाबत गेलं की उष्णता आत कोंडते, पकड ढिली पडते आणि दांडी मुठीला टेकायला येते. पावसात आत पाणी गेलं तर पहिला दाब वायाच जातो. डिस्कची तबकडी उघड्या वाऱ्यावर फिरते, लवकर निवते आणि पाणी झटकते.

त्यात टू-स्ट्रोकची एक खोड आहे. फोर-स्ट्रोक गाडीची रेस सोडली की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ नावापुरती. मांजरसुंब्याच्या घाटात मी एकदा मित्राची राजदूत ३५० उतरवली आहे. मूठ बंद केली तरी गाडी सुटलेलीच, आणि सगळा भार त्या बिचाऱ्या लायनरवर. चढताना हीच गाडी, चार हजारांच्या वर आवाज बदलला, की पाठीमागून कुणी ढकलावं तशी निघायची. चढावर राजा आणि उतारावर पोरकी, असं तिचं वर्णन एका जुन्या मेस्त्रींनी केलं होतं. त्याहून नेमकं मला सुचत नाही.

तेव्हा भारतात डिस्क ब्रेक बनतच नव्हता, म्हणून नाइलाज होता, असं म्हणावं तर तसंही नाही. ऐंशीच्याच दशकात एन्फिल्डने जर्मन झुंडापवरून बेतलेली फ्युरी १७५ काढली होती, तिला पुढे हायड्रॉलिक डिस्क होता. गाडी फारशी चालली नाही. डिस्क मागणारं गिऱ्हाईकच तयार झालं नव्हतं.

लग्नातली गाडी आणि हौसेची गाडी

१९८५ हे वर्ष आपल्या रस्त्यांसाठी कलाटणीचं. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० आली, यामाहाची आरएक्स-१०० आली, आणि आपल्या मराठवाड्यात वाळूजला बजाजचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला.

सीडी-१०० आणि आरएक्स-१०० दोन्ही शंभराच्या आतल्या सीसीच्या. पण स्वभाव दोन टोकांचे. पहिली फोर-स्ट्रोक, पेट्रोलची बचत करणारी. आमच्याकडे लग्नात जावयाला गाडी द्यायची अनिष्ट चाल वाढली, तेव्हा ‘हिरो होंडा’ हा शब्द देण्याघेण्याच्या यादीत जाऊन बसला. गाडी निवडायची बापाने किंवा सासऱ्याने, त्यामुळे तिसरा प्रश्न पहिला व्हायचा. आरएक्स-१०० मात्र स्वतःच्या हौसेची. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. सिग्नलवरून पहिल्या पन्नास मीटरात तिने बुलेटला मागे टाकावं आणि त्या आवाजाने चौकाने मान वळवावी, अशी तिची ख्याती. पिकअप म्हणजे काय हे आमच्या पिढीला या गाडीने शिकवलं.

ब्रेक? दोन्ही चाकांना ड्रम. गाडी हलकी म्हणून ते एकट्या माणसाला पुरायचे. पण आपल्याकडे एकटा माणूस गाडीवर असतो किती वेळा? डबलसीट नेहमीचं, ट्रिपलसीट सणासुदीचं. हंगामाला निघालेल्या ऊसतोड जोडप्याच्या गाडीवर नवरा, बायको, लेकरू आणि भांड्यांचं गाठोडं असतं. गाडीची परीक्षा घेणाऱ्याने एकट्याने गुळगुळीत रस्त्यावर काढलेले आकडे इथे उपयोगाचे राहत नाहीत.

१९९६ च्या प्रदूषणाच्या नियमांसोबत आरएक्स-१०० बंद झाली. पुढची दहा वर्षं टू-स्ट्रोकचा उतारकाळ होता. लोक हळहळले ते आवाजासाठी आणि पिकअपसाठी.

पुढचा ब्रेक दाबू नको

१९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली : १५६.८ सीसी, १२.८ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली, १५० आणि १८० अशा दोन रूपांत, आणि दोन्हींना पुढचा डिस्क कारखान्यातूनच. पल्सर पुणे परिसरात घडली, चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि वेग सामान्य घरात घेऊन आली. ती गाडी म्हणजे पक्का पुरुष, असं तिची जाहिरातच सांगायची. अशा जाहिरातीत ब्रेकचं कौतुक कसं बसणार? पुरुष पळतो, थांबणं त्याला शोभत नाही, असाच तिचा सूर आमच्या पोरांनी घेतला.

पण डिस्क आला हे मोठं पाऊल होतंच. १८० पल्सरवर मी पहिल्यांदा दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबला, तेव्हा पुढचे शॉकअप खाली बसले आणि गाडी जमिनीला धरल्यासारखी थांबली. ड्रमच्या सवयीच्या हाताला ते नवीन होतं.

अडचण गाडीत नव्हती, शिकवणीत होती. आमच्याकडे गाडी शिकवताना काका-मामा पहिला मंत्र देतात : “पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील.” कच्च्या मुरमाच्या रस्त्यावर, ड्रमच्या गाडीवर हा सल्ला काही अंशी बरोबर होता. खडीवर पुढचं चाक अडकलं की माणूस आडवा होतो. पण डांबरी रस्त्यावर तोच सल्ला जीवघेणा आहे. कारण ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर झुकतं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं. मागच्या चाकाचा ब्रेक कितीही दाबला तरी ते घसरतं, शेपूट हलवतं, आणि थांबण्याचं अंतर लांबतं. डिस्क आला, पण पाय मागच्याच ब्रेकवर राहिला.

इथे थोडं गणित मांडतो, कारण ते गाडीच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहे. समोर काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद धरू, आणि कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक बऱ्यापैकी लागले असं धरू. ताशी ४० किलोमीटरला थांबायला साधारण २१ मीटर लागतात. ६० ला ४० मीटर. ८० ला ६३ मीटर. १२० ला १२६ मीटर. म्हणजे ४० चा वेग दुप्पट केला तर अंतर तिप्पट होतं आणि तिप्पट केला तर सहापट. वेगाच्या वर्गाने वाढणाऱ्या या हिशेबाला कोणतीही कंपनी सूट देत नाही. आता यात रात्र घाला, आणि समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. आमच्या भागात हंगामात हे रोजचं दृश्य आहे. साध्या हेडलाइटच्या उजेडात ती ट्रॉली दिसते तेव्हा बहुधा साठ मीटरही उरलेले नसतात.

वाकून बसायची गाडी

२००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली. २२३ सीसी, १७ हॉर्सपॉवर, अर्ध्या अंगाला फायबरचं कवच. लांबच्या पल्ल्याला शांत आणि खात्रीची. दुसऱ्याच वर्षी ‘धूम’ चित्रपटाने हायाबुसा हे नाव खेड्यापाड्यात पोचवलं. १९९९ मध्ये सुझुकीने काढलेली ती १३०० सीसीची गाडी तीनशेच्या आसपास जाते, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ झालं. पुढे जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी आपसांत समजून-उमजून २९९ ची मर्यादा पाळायला सुरुवात केली, ही गोष्ट मात्र कुणी पाठ केली नाही.

२००७ च्या पल्सर २२० ने इंधन फवारणी आणि मागेही डिस्क दिला. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली, आणि माझ्या मते बसणाऱ्याच्या दृष्टीने खरा बदल इथे झाला. १४९.८ सीसीच, पण पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, डेल्टाबॉक्स चॅसी आणि दोन्ही चाकांना डिस्क. तिची ताकद करिझ्माएवढीच. आकड्यांवर पाहिलं तर राजदूत ३५० तिच्यापुढे दांडगी. पण वळणात शिरताना आर-१५ हॅन्डलने वळवावी लागत नाही, नजर टाकली तिकडे झुकते, आणि मध्येच ब्रेक लागला तरी डोकं फिरवत नाही. मोबदला मनगटं देतात. नांदूरघाट ते बीड खड्ड्यांतून वाकून गेलं की दोन्ही मनगटं आणि कंबर संध्याकाळपर्यंत आठवण देतात.

रेसच्या ट्रॅकवर गाड्यांची तुलना कशी होते, हे इथे सांगायला हवं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून ट्रॅक आहे, कोइम्बतूरला आहे, आणि कोल्हापूरला तर रेसिंगची जुनी हौस. तिथले स्पर्धक गाडीबद्दल बोलताना कमाल वेगावर फार वेळ घालवत नाहीत. कोणत्या वळणाआधी कुठल्या खुणेशी ब्रेक लावता येतो, यावर त्यांची चर्चा चालते. जो उशिरा आणि निर्धास्त ब्रेक लावू शकतो तो जिंकतो. म्हणजे वेगाचा धंदा करणारी माणसं आधी थांबणं शिकतात. आमच्या जिल्ह्यात असा ट्रॅक नाही. आमच्या पोरांचा ट्रॅक म्हणजे धुळे-सोलापूर महामार्ग. तिथे शिकवणारा कुणी नाही आणि कडेला गवताची मोकळी जागाही नाही.

चाकणची ड्यूक आणि एबीएस

२००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत भागीदारी घेतली. २०१२ च्या आरंभी २०० ड्यूक आली, २०१३ मध्ये ३९० ड्यूक, २०१४ मध्ये पूर्ण कवचाच्या आरसी-२०० आणि आरसी-३९०. सगळ्या चाकणला बनलेल्या. ३७३ सीसीच्या एकाच सिलिंडरमधून ४३ हॉर्सपॉवर, आणि पुढे तीनशे मिलिमीटरची तबकडी. राजदूत ३५० च्या दीडपट ताकद. मराठवाड्यातून चाकण-वाळूजला कंत्राटावर गेलेल्या कितीतरी पोरांनी गाड्या आणि त्यांचे सुटे भाग जोडले आहेत. शॉकअप आणि ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स कंपनी वाळूजचीच.

३९० ला एबीएस सुरुवातीपासून होतं. चाकावर एक दात्यांची चकती असते, तिच्यावरून चाक किती फिरतं हे यंत्राला कळतं. चाक अडकायला लागलं की यंत्र ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, सेकंदात अनेकदा. बोटांखाली दांडी थरथरते, पण चाक फिरत राहतं आणि गाडी हाती राहते. काका-मामांची उलटण्याची भीती या यंत्राने बरीच कमी केली.

मात्र २०० ड्यूकला हे एबीएस आलं २०१८ च्या अखेरीस. २५ हॉर्सपॉवरची ही गाडी त्याआधी जवळजवळ सात वर्षं त्याशिवाय विकली गेली. टीव्हीएसच्या अपाचे १८० ला २०११ मध्येच एबीएस मिळत होतं, पण जास्त पैसे मोजून. त्याशिवायची अपाचेही शेजारीच उभी असायची, आणि वाचलेल्या पैशांत गाडीला वेगळा सायलेन्सर बसायचा. आर-१५ चं तिसरं रूप २०१८ मध्ये एबीएसविना आलं, आणि २०१९ च्या जानेवारीत एबीएससह. हे योगायोग नाहीत. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. युरोपात हीच सक्ती नव्या मॉडेलांना २०१६ पासून होती. फ्युरीच्या वेळी जे घडलं तेच पुन्हा घडलं. गिऱ्हाइकाने मागितलं नाही, कंपनीने आपणहून दिलं नाही, शेवटी कायद्याने द्यायला लावलं.

सेकंडहँड वेग

कायदा शोरूममधल्या गाडीला लागू होतो. नांदूरघाटच्या पोराच्या हातात वेग येतो तो शोरूममधून क्वचितच. पुण्यात दोन-तीन वर्षं फिरलेली २०१४-१५ ची २०० ड्यूक किंवा आरसी-२०० बीडला येते, तिथून केजला आणि तिथून गावात. तिसऱ्या मालकाकडे येईपर्यंत किंमत स्प्लेंडरच्या घरात आलेली असते. इंजिनाची ताकद फारशी घटलेली नसते. झिजलेलं असतं ते सगळं थांबवणारं सामान : ब्रेकपॅड, तबकडी, टायर, शॉकअपचं तेल. कंपनीचा मऊ, पकडीचा टायर महाग म्हणून जाडा, टणक टायर बसवलेला असतो. म्हणजे एबीएस सक्तीच्या आधीची गाडी, तीही निम्म्या ब्रेकवर.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४ च्या वर. हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९. या आकड्यांत स्पोर्ट्स गाड्या किती आणि साध्या किती, याची वेगळी नोंद तिथे नाही. तेव्हा सगळा दोष वेगवान गाडीवर टाकण्याचा माझा हेतू नाही. ती उत्तम यंत्रं आहेत. आर-१५ आणि ३९० चालवताना माणसाने किती सुरेख वस्तू घडवली आहे याचा आनंद मला होतो, आणि पोरांनाही तो व्हावा.

पण तुलना करायचीच तर ती पूर्ण करावी. बसणाऱ्याच्या बाजूने मी या गाड्या अशा लावतो : राजदूत ३५० अंगातली रग दाखवते आणि उतारावर हात वर करते. आरएक्स-१०० एकट्याची गंमत आहे. पल्सरने डिस्क घराघरात नेला. आर-१५ ने शिकवलं की कमी सीसीतही गाडी शहाणी असू शकते. ३९० त्या सगळ्यांपेक्षा वेगवान आहे आणि तरीही, एबीएस आणि टायर धडके असतील तर, त्यांच्यात सर्वात लवकर थांबणारी आहे. शेवटचं वाक्य पहिल्या कोणत्याही माहितीपत्रकात ठळक अक्षरात आलेलं मी पाहिलं नाही.

केजच्या बाजूला एक मेस्त्री आहेत, जुन्या गाड्या दुरुस्त करून विकतात. जोरदार गाडी घ्यायला पोरगं आलं की ते पैसे मोजायच्या आधी त्याला मोकळ्या पटांगणात नेतात. तीसच्या वेगात दोन बोटांनी पुढचा ब्रेक, दहा वेळा. मग चाळीसच्या, दहा वेळा. पोरं आधी हसतात, चौथ्या-पाचव्या वेळेला गप्प होतात. “पळवायला गाडी शिकवतीच की, थांबवायला मी शिकवतो,” असं ते म्हणतात. पाच-सहा वर्षं हा क्रम चालू आहे. याचे पैसे ते घेत नाहीत. फक्त पॅड झिजलेले निघाले तर नवे टाकल्याशिवाय किल्ली देत नाहीत.